लेकरांसह परक्या विमानतळावर

हातकणंगले, वडगाव, हुपरी, इचलकरंजी या पट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी आता दुबईत, जर्मनीत, सिंगापुरात नाहीतर अमेरिकेत आहे. नोकरीसाठी आधी नवरा जातो आणि काही महिन्यांनी बायको मुलांना घेऊन एकटीच निघते. पहिली परदेशवारी, पहिलं विमान आणि कडेवर वर्षाचं बाळ, हे सगळं तिच्या वाट्याला एकाच दिवशी येतं. अशा मुली निघण्याआधी मला फोन करतात. माझं सासर हातकणंगले. आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो, आणि दोन मुलांना घेऊन मुंबई, दुबई, दोहा, फ्रँकफर्ट हा रस्ता मी अनेकदा एकटीनं केला आहे. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगते, ते इथे सलग लिहिते.

सुरुवातीलाच एक सांगते, बाकीचं बरंचसं त्याच्याच पोटात आहे. आपल्याला परक्या ठिकाणी काही मागायचा फार संकोच वाटतो. रांगेत पुढे जाऊ का म्हणून विचारणं, बाटलीत गरम पाणी मागणं, "हातात बाळ आहे, जरा बॅग उचलून देता का" म्हणणं, हे सगळं भिडेपोटी राहून जातं आणि त्याचा त्रास मुलांना होतो. विमानतळावर लहान मुलांसाठी केलेल्या सोयी असतात, पण त्यांतल्या बऱ्याच मागितल्याशिवाय मिळत नाहीत. त्या मागणं हा लेकराचा हक्क आहे, आणि तो त्याच्या वतीनं आईवडिलांनीच बजावायचा असतो.

१. प्रत्येक मुलाचं कागदांचं वेगळं पाकीट

पारदर्शक, चेन असलेलं पाकीट घ्या. आत पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखल्याची मूळ प्रत आणि झेरॉक्स, लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स. तुमचं स्वतःचं पाकीट वेगळं. काउंटरवर अधिकारी एकेकाचे कागद मागतो. बाळ रडत असताना एकाच गठ्ठ्यातून त्याचा पासपोर्ट शोधत बसणं नको.

पासपोर्टबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी मिळतो. तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो आणि समोर उभं असलेलं चार वर्षांचं मूल, यांत ओळख पटण्यासारखं काही उरत नाही. अधिकारी फोटोकडे बघतो, मुलाकडे बघतो, मग आईकडे बघतो. तेव्हा जन्मदाखला पुढे करायचा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. नगरपंचायतीतून किंवा ग्रामपंचायतीतून तो आणाल तेव्हा त्यावर बाळाचं नाव घातलंय ना, हे तिथेच बघा. बारशाआधी काढलेल्या दाखल्यावर नावाची जागा मोकळीच असते. हातकणंगलेचं इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं सापडतं. दाखला, पासपोर्ट आणि व्हिसाचा अर्ज, तिन्हीकडे एकच ठेवा. चार वर्षांच्या आतल्या मुलाचा फोटो पासपोर्ट केंद्रात जाताना आपण न्यायचा असतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेला. आजी कितीही म्हणाली तरी त्या फोटोत काजळ आणि गालावरची तीट नको. तीट फोटो काढून झाल्यावर लावा.

आपल्यातल्या अनेक जणींचा पासपोर्ट माहेरच्या नावानं असतो आणि मुलांचा वडिलांच्या आडनावानं. भारतात ते कुणाला खटकत नाही. परदेशी काउंटरवर मात्र आडनाव वेगळं दिसलं की हे मूल तुमचं कशावरून, असं विचारतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मुलांना परस्पर देशाबाहेर नेण्याचे प्रकार होतात, ते थांबावेत म्हणून हा प्रश्न असतो, आणि त्यांनी तो विचारायलाच हवा. जन्मदाखल्यावर आईवडील दोघांची नावं असतात, ती ओळ बोटानं दाखवा. मुलांचे वडील सोबत नसतील तर त्यांचं इंग्रजीतलं संमतीपत्र ठेवा. त्यात मुलांची नावं, पासपोर्ट क्रमांक, कुठून कुठे आणि कोणत्या तारखांना जाणार, वडिलांचा फोन आणि सही असावी. नोटरी करून घेतलेलं असेल तर उत्तम. सोबत त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स जोडा. हे पत्र कुणी मागेलच असं नाही, पण मागितल्यावर ते रात्री दोन वाजता परदेशात तयार करता येत नाही.

२. निरोप गावातच घ्या

आपल्याकडे पोचवायला सगळं घर निघतं. आजी, आबा, मामा, मावशी, शेजारच्या काकू, गाडी भरून मुंबईपर्यंत. यामागची माया मला कळते. पण मुंबईच्या विमानतळात तिकीट असलेल्यांनाच सोडतात, त्यामुळे निरोप दारात, गर्दीत, सामानाच्या ट्रॉल्यांमध्ये घ्यावा लागतो. आजीला रडताना बघून मूल रडायला लागतं आणि त्याच अवस्थेत आत जातं. पुढचे चार तास ते सावरत नाही.

म्हणून आम्ही घरातल्या मोठ्यांना विनंती केली आणि निरोप हातकणंगले स्टेशनवर घ्यायला लागलो. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस येते. मुलं आजीआबांना मिठ्या मारतात, गाडीत झोपतात आणि सकाळी मुंबईत उठतात. आमचे आबा एवढंच म्हणतात, "जावा बिनघोर, पोचल्यावर फोन करा." मुलांसाठी तो निरोप पुरेसा आहे, आणि मोठ्यांचं रडणं नंतर मोठ्यांपाशी राहतं.

युरोपकडे जाणारी बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे सकाळी मुंबईत उतरल्यावर सगळा दिवस हातात असतो. त्या दिवसात गेटवे, राणीची बाग असलं काही ठरवू नका. नातेवाइकांकडे नाहीतर हॉटेलात मुलांना आंघोळ, वरणभात आणि दुपारची लांब झोप मिळू द्या. सगळ्या प्रवासात याच झोपेचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

३. विमानतळ घरी खेळून दाखवा

मूल अनोळखी गोष्टीला घाबरतं. तीच गोष्ट आधी खेळात येऊन गेली असेल तर ते स्वतःहून पुढे होतं. निघायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या सोप्यात रोज विमानतळ मांडला जायचा. दारात आबा लाटणं घेऊन उभे राहायचे आणि हात पसरून उभ्या राहिलेल्या नातवंडांच्या अंगावरून ते फिरवायचे. पाट म्हणजे सामानाचा पट्टा. मुलीची बाहुली त्यावरून पलीकडे जायची आणि पलीकडे परत मिळायची. हे 'परत मिळतं' फार महत्त्वाचं आहे. तपासणीत मुलांच्या हातातलं खेळणं काढून यंत्रात घालतात, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला ते कायमचं गेलं असं वाटतं. माझी मुलगी फ्रँकफर्टला बाहुली स्वतः ट्रेमध्ये ठेवून पलीकडच्या टोकाला तिची वाट बघत उभी राहिली. तपासणाऱ्या बाईंनी तिला हसून अंगठा दाखवला.

खेळात पुढच्या पायऱ्याही घ्या. काचेमागच्या काकांना पासपोर्ट देणं, शिक्का, लांब चालणं, बसायला रांग, पट्टा बांधणं. सगळं मराठीत, मुलाच्या शब्दांत. निघायच्या दिवशी मुलाला नवीन काही शिकवत बसू नका.

४. चटणी, खोबरं, खसखस आणि आंबा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या घरून निघणाऱ्या बॅगेत निम्मं वजन खाण्याचं असतं आणि परदेशी कस्टममध्ये अडकायचं सर्वांत सोपं कारणही तेच.

आपली चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, घरी केली की त्यात बऱ्याचदा खसखस असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे, कारण ती अफूच्या झाडाची बी आहे. सौदी अरेबियातही तेच. तुम्ही दुबईत राहणार असाल तर चटणी खसखस न घालता वेगळी करून घ्या, आणि आईला, सासूबाईंना कारण समजावून सांगा. एकदा नीट कळलं की त्या पुढच्या वेळी स्वतःहून खसखस बाजूला ठेवतात. सौदीला जाणाऱ्यांनी जायफळही नेऊ नये.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भारतातून विमानात नेता येत नाहीत, हातातल्या बॅगेतही नाही आणि आत द्यायच्या बॅगेतही नाही. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते गरम होऊन आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरलं जातं. बाळंतपण करायला निघालेल्या आज्यांच्या सामानात खोबरं हमखास असतं. निघायच्या आदल्या दिवशी ते काढून ठेवा, म्हणजे मुंबईत काउंटरसमोर बॅग उघडायची वेळ येणार नाही.

युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, खवा, बर्फी नको. बाळाची दुधाची पावडर आणि बाळाचं खाणं मात्र चालतं. त्याला दोन किलोपर्यंत सूट आहे, अट एवढीच की उघडण्याआधी ते फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं नसावं आणि कंपनीच्या बंद पॅकिंगमध्ये असावं. घरची नाचणीसत्त्वाची पुडी सुरक्षेत कुणी अडवत नाही, पण कस्टमला ती काय आहे हे कागदावर लिहिलेलं दिसत नाही. म्हणून तिच्यावर इंग्रजीत नाव लिहून चिकटवा. फळांचंही तसंच. डिसेंबर २०१९ पासून बहुतेक ताजी फळं रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय युरोपात आणता येत नाहीत. अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन या पाचांना मोकळीक आहे. म्हणजे मुलासाठी घेतलेलं केळं चालतं, आणि आपला आंबा चालत नाही. मे महिन्यात हे सांगताना माझाही जीव तुटतो. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना भरायच्या कार्डावर जाहीर करावी. जाहीर केलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही, फार तर ती ठेवून घेतात.

मग मुलांनी वाटेत खायचं काय? दुधात भिजवलेल्या दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, लाह्या, खजूर, घरचा साधा चुरमुऱ्यांचा चिवडा. हे सगळं उतरण्याआधी संपेल एवढंच घ्या. भडंग तिखट असतं, ते मोठ्यांसाठी आत द्यायच्या बॅगेत टाका.

५. अंगावर चांदी नको

चांदीचं हुपरी आपल्याच तालुक्यात. घराघरात बाळाच्या पायात वाळे, कमरेला चांदीची साखळी, मुलींच्या पायात पैंजण. यंत्राखालून जाताना ते वाजतात, मग बाळाला बाजूला काढून पुन्हा तपासतात आणि काढायला गेलं की वाळे निघत नाहीत. घरून निघतानाच ते उतरवून आजीकडे ठेवा. काळा करदोटा राहू द्या, दोऱ्याला कुणी काही म्हणत नाही.

६. दुधाबद्दल आधी बोला

हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त द्रवाला बंदी असली तरी बाळाचं दूध, आईचं काढून ठेवलेलं दूध आणि बाळाचं खाणं याला प्रवासात लागेल तेवढी सूट असते. ते बॅगेतून आधी बाहेर काढा आणि ट्रे पट्ट्यावर ठेवण्यापूर्वी सांगा: बाळाचं दूध आहे. कुठे बाटली यंत्रात तपासतात, कुठे उघडून बघतात. थर्मासमधलं गरम पाणी टाकायला सांगतील, तर टाका. तपासणी झाल्यावर कुठल्याही कॉफीच्या दुकानात बाळासाठी गरम पाणी मागा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, आणि बहुतेकांनी पैसेही घेतले नाहीत.

खोकल्याचं, तापाचं औषध मूळ बाटलीत आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. कोडीनसारखे घटक असलेली औषधं आखाती देशांत परवानगीशिवाय नेता येत नाहीत. डॉक्टरांनाच विचारा, की या औषधात असं काही आहे का.

७. बाबागाडी आणि झोळी, दोन्ही

हलकी, एका हातानं मिटणारी बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते. काउंटरवर तिला पट्टी लावून घ्या. उतरताना ती दारातच मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे विमानातल्या बाईंना उतरण्याआधी विचारा. विमानतळाप्रमाणे ते बदलतं. ती पट्ट्यावर येणार असेल तर मधला अर्धा-एक किलोमीटर बाळ अंगावरच असतं, म्हणून पोटाला बांधायची झोळी हवीच. झोळीत बाळ, एका हातात मोठं मूल, पाठीला पिशवी. तिसरी वस्तू नको.

दुबईत आणि सिंगापूरच्या चांगी विमानतळावर वापरायला बाबागाड्या मोफत मिळतात. उतरल्यावर पहिल्याच कर्मचाऱ्याला विचारा. सरकत्या जिन्यावर बाबागाडी चढवू नका, लिफ्ट शोधा. सामानाच्या ट्रॉलीवर मुलाला बसवू नका.

८. मधल्या विमानतळावर दमवा, मग झोपवा

दोन विमानांमधले तास मुलांनी खुर्चीत बसून काढावेत अशी अपेक्षा धरली की सगळेच थकतात. दोह्याच्या हमाद विमानतळावर उर्स फिशर या शिल्पकाराचं पिवळं अस्वल आहे, जवळजवळ सात मीटर उंच, डोक्यावर दिवा असलेलं. माझी मुलं त्याला भेटायला म्हणून चालत निघतात आणि चालणं होऊन जातं. जवळच खेळायच्या जागाही आहेत. चांगीच्या तिसऱ्या टर्मिनलमध्ये फुलपाखरांची बाग आहे. तिथला २०१९ साली उघडलेला 'ज्वेल'मधला धबधबा सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेला असतो, पण तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे. व्हिसा नसेल तर मुलांना त्याचं आश्वासन देऊ नका.

आधी नवीन गेट शोधा, त्याच्या जवळची शौचालयं बघून ठेवा, मग खेळायला जा. आणि पुढचं विमान सुटायच्या तासभर आधी गेटवर परत या. गेट बदलतात.

९. रांग

इमिग्रेशनची रांग हा सगळ्यात कसोटीचा भाग. विमानातून उतरताना घाई करू नका. मुलांना शौचालयात नेऊन, पाणी पाजून मगच रांगेला लागा, कारण रांगेतून मध्येच बाहेर पडता येत नाही. तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला बाळ दाखवून विचारा: लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळी रांग आहे का? नसली तरी बऱ्याच ठिकाणी दोरी उघडून पुढे घेतात. आपलं आपण दोरीखालून जायचं नाही, पण विचारायचं नक्की. नाही म्हणाले तर हसून रांगेत उभं राहा. विचारल्यामुळे काही बिघडत नाही.

दुबईनं एप्रिल २०२३ मध्ये चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी इमिग्रेशनचे खास काउंटर सुरू केले. मुलं तिथे आपल्या पासपोर्टवर स्वतः शिक्का मारतात. ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला मुलं कळतात. ज्या क्षणाची भीती वाटायची, त्याची मुलं वाट बघू लागतात. असे काउंटर मुंबईतही व्हावेत असं मला मनापासून वाटतं.

युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची नवी नोंद सुरू झाली आहे. चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांच्या आतल्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र घेतात. तिथला राहण्याचा परवाना असलेल्यांना ही नोंद लागू नाही. म्हणून परवाना असलेली आई आणि पाहुणे म्हणून येणारे आजीआजोबा यांची वाट वेगळी होऊ शकते. आधी ठरवा, मूल कुणाबरोबर जाणार. मूल नेहमी आईवडिलांबरोबर, आणि आजीआजोबांच्या हातात इंग्रजीत लिहिलेला पत्ता, फोन नंबर आणि परतीचं तिकीट. परदेशात जन्मलेल्या, तिथलाच पासपोर्ट असलेल्या बाळाला भारतात येताना ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. कार्ड यायला काही आठवडे लागतात, बारशाचा मुहूर्त बघण्याआधी अर्ज करा.

काचेमागचा अधिकारी कधीकधी थेट मुलालाच विचारतो, नाव काय, ही कोण? तिथे मध्ये बोलू नका. मुलाला फक्त मराठी येत असेल तर तेवढं सांगा आणि मुलाला प्रश्न मराठीत करून द्या. 'माय मदर' असं पढवलेलं उत्तर देण्यापेक्षा मुलानं आईच्या ओढणीला धरून "आई" म्हटलेलं त्या अधिकाऱ्याला जास्त कळतं.

१०. हरवू नये म्हणून, आणि हरवलंच तर

आपली मुलं आईला आई आणि वडिलांना पप्पा म्हणतात, आणि पुष्कळ मुलांना आईवडिलांचं पूर्ण नाव सांगता येत नाही. तीन वर्षांपासून ते पाठ करून घ्या. प्रवासाच्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला पेनानं फोन नंबर लिहा, पुढे देशाच्या क्रमांकासह. मुंबईत आत शिरण्याआधी दोन्ही मुलांचा पूर्ण उभा फोटो त्या दिवसाच्या कपड्यांत काढा. काय घातलं होतं, हे घाबरलेल्या आईला आठवत नाही. कपडे भडक रंगाचे असू द्या, दोघांचे एकाच रंगाचे.

मुलांना एकच नियम शिकवलाय: आई दिसेनाशी झाली तर जिथे आहेस तिथेच उभं राहायचं आणि मोठ्यानं हाक मारायची. शोधायला जायचं नाही. आई शोधायला येते. टर्मिनलमधल्या आगगाडीत चढताना आधी मोठं मूल, मग बाळासह मी, आणि मी आत येईपर्यंत मोठ्या लेकराचा हात सोडायचा नाही. दारं स्वतःहून मिटतात.

११. शौचालयाची तयारी

बऱ्याच देशांत शौचालयात पाणी नसतं, फक्त कागद. पिशवीत एक रिकामी छोटी बाटली ठेवा, आत जाण्याआधी बेसिनला भरून घ्या. आपोआप पाणी सोडणाऱ्या भांड्याचा आवाज लहान मुलांना घाबरवतो. मूल बसलेलं असताना मागच्या लुकलुकणाऱ्या डोळ्यावर कागदाचा तुकडा चिकटवा, म्हणजे ते मध्येच सुटत नाही.

१२. कान

विमान चढताना आणि विशेषतः उतरायला लागल्यावर बाळाला पाजा किंवा बाटली द्या. गिळल्यानं कानातला दाब उतरतो. उतरणं चाकं टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होतं, तोपर्यंत दूध राखून ठेवा. सर्दी झालेल्या बाळाला निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

१३. तिकीट काढणाऱ्यासाठी

शेवटचं हे सांगणं मुलांच्या वडिलांना आहे, कारण तिकीट बहुधा तेच परदेशात बसून काढतात. दोन हजार रुपये वाचवण्यासाठी मध्ये सव्वा तासाचा बदल किंवा अकरा तासांची रात्र असलेलं तिकीट घेऊ नका. एकटी आई, बाळ आणि चार वर्षांचं मूल यांना नवीन विमानतळावर तीन ते चार तास लागतात. सगळं तिकीट एकाच नोंदीत काढा, म्हणजे एक विमान चुकलं तर पुढचं देण्याची जबाबदारी कंपनीची राहते आणि सामानही थेट शेवटच्या ठिकाणी जातं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला विमानानं येणार असाल तर ते याच नोंदीत बसतं का बघा. वेगळं तिकीट असेल तर सामान मुंबईत पुन्हा काढून घालावं लागतं.

दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतंत्र जागा लागत नाही, पण परतीच्या प्रवासाआधी त्याला दोन वर्षं पूर्ण होत असतील तर तेव्हा पूर्ण जागा घ्यावी लागते. तारीख आधी मोजा. भिंतीलगतच्या जागेवर लावायचा पाळणा फोन करून मागावा लागतो. तो मोजकाच असतो आणि बाळाच्या वजनाला मर्यादा असते, बहुतेक कंपन्यांत दहा-अकरा किलोच्या आसपास. एकट्या आईसाठी मधल्या विमानतळावर माणूस सोबत देण्याची सेवाही काही कंपन्या देतात, तीही तिकीट काढतानाच मागायची. आजीआजोबा येत असतील तर त्यांच्यासाठी व्हीलचेअर लिहा. युरोपात कमी चालता येणाऱ्यांना ही मदत मोफत देणं कायद्यानं बंधनकारक आहे, फक्त अठ्ठेचाळीस तास आधी कळवावं लागतं.

आणि पैसे भरण्याआधी गावी फोन करून बायकोला विचारा, मुलं किती वाजता झोपतात. विमानाची वेळ त्यावरून ठरवा.